लंबकाचा जीव पातळ पातीत

बेळगाव-निपाणी भागातल्या जुन्या वाड्यांत माजघराच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ असतं आणि बहुतेक ते बंद असतं. ‘मशीन गेलं’ म्हणून ते माळ्यावर टाकू नका. आधी लंबक जिथे टांगलेला असतो, तिथे पाहा.

लंबकाचा सगळा भार दोन पितळी तुकड्यांमध्ये धरलेल्या पोलादी पातीवर असतो. तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. प्रत्येक झोक्याला ती वाकते आणि सरळ होते. घर्षण जवळजवळ नाहीच. मात्र लंबक न काढता घड्याळ हलवलं, की पात पिळवटते. इथल्या पावसाळ्यात तिला गंजही लवकर चढतो. मग लंबक सरळ न झुलता डुलू लागतो आणि थोड्या वेळाने थांबतो.

वाकलेली पात पक्कडीने सरळ करू नये. सुरकुती राहतेच आणि तिथेच ती तुटते. नवी पात त्याच जाडीची, रुंदीची आणि लांबीची हवी. जाड पात ताठ असते, घड्याळ पुढे पळतं. लांबीचा हिशेब तर फारच नाजूक: 25 सेंटिमीटरचा लंबक 1 मिलिमीटरने वाढला, तर घड्याळ दिवसाला सुमारे 3 मिनिटं मागे पडतं. हा फरक लंबकाखालच्या नटाने काढता येतो. गोळा वर घेतला की चाल वाढते.

शेवटी कान द्या. दोन ठोक्यांमधलं अंतर समान हवं. टिकटिक लंगडी वाटली, तर घड्याळ भिंतीवर किंचित डावीकडे-उजवीकडे कलवून पाहा.