परसातला कंद, गोठ्यातली वैरण

इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातले वनस्पती-अभ्यासक जॉन गुडयर यांच्या हाती १६१७ साली दोन छोटे कंद आले. एक त्यांनी मित्राला दिला, दुसरा आपल्या बागेत लावला. त्या एका कंदाने टोपलीभर पीक दिले आणि गुडयरांनी ते बेणे परगणाभर पोचवले. चार वर्षांनी त्यांनी आपले मत लिहून ठेवले, ते मात्र कठोर होते. कसेही शिजवा, पोटात वारा धरतोच. तेव्हा हे माणसांपेक्षा डुकरांनाच बरे!

हा कंद जेरुसलेम आर्टिचोकचा. भूमध्य समुद्राकाठी ज्याच्या जाड कळ्या उकडून खातात, ते काटेरी आर्टिचोक वेगळे. हे झाड सूर्यफुलाच्या जवळच्या नात्यातले आणि मूळचे उत्तर अमेरिकेचे. १६०५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी साम्युएल द शांप्लँ केप कॉडच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तिथले मूळ रहिवासी त्याची लागवड करत होते. पुढे काही वर्षांतच हे कंद फ्रान्सला गेले. तिथे त्यांना तोपिनांबूर म्हणतात.

गुडयरांची तक्रार खोटी नव्हती. बटाटा स्टार्च साठवतो, हा कंद इन्युलिन. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळातही तेच असते. इन्युलिन पचवणारे विकर माणसाजवळ नाही, त्यामुळे ते तसेच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. थंडीचा कडाका पडला की जमिनीतल्या कंदातले काही इन्युलिन साखरेत बदलते आणि कंद गोडसर लागतो. म्हणून जाणकार बागवान पहिले दहिवर पडून गेल्यावरच खणायला घेतात.

परसबागेत याचे लाड करावे लागत नाहीत. हिवाळा सरताच अख्खे कंद किंवा डोळा असलेले तुकडे चार बोटे खोल, दोन झाडांत हात-दीड हात अंतर ठेवून लावायचे. झाडे दोन-तीन मीटर उंच होतात, म्हणून ओळ उत्तरेच्या कडेला धरावी, म्हणजे इतर भाज्यांवर सावली पडत नाही. खोडांना मातीची भर दिली की ती वाऱ्याने लोळत नाहीत. कंदांची साल अगदी पातळ असते. खणून उघड्यावर ठेवले तर थोड्याच दिवसांत सुरकुततात. जमिनीत मात्र ते कडाक्याच्या थंडीतही टिकतात. तेव्हा लागतील तेवढेच काढावेत. चिरल्यावर काळे पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकावेत. त्यांचे सूप उत्तम होते.

फ्रान्समध्ये शेतकरी तोपिनांबूर मुख्यतः जनावरांसाठी लावत. १९४० मध्ये जर्मन फौजांनी देश व्यापला, बटाटे त्यांच्याकडे जाऊ लागले, रेशनवर पोट भरेना. मग गोठ्यातला हा कंद शहरातल्या ताटात आला, तोही बहुधा लोण्यातेलाशिवाय. युद्ध संपले तरी त्या पिढीतल्या अनेकांनी पुन्हा त्याला हात लावला नाही. दोष कंदाचा नव्हता, पण उपासमारीची आठवण त्यालाच चिकटली. कित्येक दशकांनंतर, विसरलेली भाजी म्हणून तो तिथल्या बाजारात आणि हॉटेलांत परतला.

जनावरांसाठी याचे दोन्ही भाग कामी येतात. हिरवी ताटे कापून वैरण किंवा मुरघास करता येतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव इन्युलिन सहज वापरतात. पण इथे शेतकऱ्याला निवड करावी लागते. ताटांत साठलेली साखर शरद ऋतूत खाली उतरून कंद भरतात, म्हणून चाऱ्यासाठी आधीच कापणी केली तर कंद बारीक राहतात. शिवाय कंदांत प्रथिने कमी असल्याने नुसत्या कंदांवर जनावर वाढत नाही. सोबत पेंड किंवा द्विदल चारा हवाच.

डुकरांसाठी तर खणण्याचेही कष्ट नाहीत. शेताला कुंपण घालून त्यांना आत सोडले की ती स्वतःच उकरून खातात आणि रानाला खतही मिळते. रान साफ करायलाही त्यांची इथे गरज असते. या पिकाचा बोटभर तुकडा मागे राहिला तरी पुढच्या साली फुटतो. मध्य युरोपात नदीकाठांवर ते असेच माजले आहे. डुकरांच्या तोंडूनही थोडे सुटतेच. या पिकानंतर त्याच रानात सूर्यफूल किंवा घेवडा घेऊ नये, कारण पांढऱ्या बुरशीचा एकच रोग तिन्ही पिकांना लागतो. गव्हा-ओटसारखे तृणधान्य चालते. त्यात उगवलेले चुकार कोंब मात्र नवे कंद धरण्याआधीच उपटून टाकावे लागतात.