कॅक्टसचं घर: छप्पर हवं, भिंती नकोत

युरोपात कॅक्टसच्या हरितगृहाचा सगळा विचार हिवाळ्याभोवती फिरतो. दुहेरी काच लावा, फटी बुजवा, पिंपातल्या पाण्यात दिवसाची ऊब साठवा, हीटरचं बिल आवरा. पुण्यातल्या गच्चीवर हेच केलं तर मे महिन्यात झाडं उकडून निघतील. कुंडी कोरडी असेल तर बहुतेक कॅक्टस पाच अंशांची रात्र निमूट काढतात, आणि पुण्याचा पारा त्याखाली क्वचितच जातो. आपली भांडणं दोनच: कोंडलेली उष्णता आणि चार महिन्यांचा पाऊस. दोन्ही मिटवायला वीज फारशी लागत नाही. आकार नीट ठरवावा लागतो.

गच्चीवर १० बाय १२ फुटांचं घर धरू, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. उन्हाळ्यात भर दुपारी चौरस मीटरला सुमारे एक किलोवॉट ऊन पडतं. म्हणजे या एवढ्याशा छपरावर दोन किलोवॉटचे पाच-सहा गीझर एकदम चालू आहेत असं समजा. ती उष्णता आत का साठते? प्लास्टिक किंवा काच उष्णतेचे किरण अडवते म्हणून, असं आपण शाळेत शिकलो. पण १९०९ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी दोन सारख्या पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर ते किरण आरपार जाऊ देणाऱ्या खनिज मिठाची पट्टी. दोन्हींचं तापमान जवळजवळ सारखंच चढलं. मुख्य काम करते ती अडकलेली हवा. तिला वाट दिली की निम्मी लढाई जिंकली.

कॅक्टसच्या बाबतीत ही वाट जास्तच लागते. तळेगावच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये पानं दिवसभर पाणी हवेत सोडतात आणि त्यात बरीच उष्णता खर्ची पडते. कॅक्टस दिवसा रंध्रं मिटून बसतो. ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याची साखर होते. त्यामुळे दुपारी झाडांकडून थंडाव्याची काहीच मदत नाही. त्याच मापाचं कॅक्टसचं घर गुलाबाच्या घरापेक्षा जास्त तापतं.

म्हणून छप्पर एकाच बाजूला उतरतं करावं. पश्चिमेची कड सात फुटांवर, पूर्वेची साडेअकरा. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, उतारावरून वर चढतो आणि उंच कडेखालच्या उघड्या पट्टीतून आतली गरम हवा ओढून नेतो. पट्टी पूर्ण लांबीची आणि दीड फूट रुंद ठेवली की जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १५ टक्के होते. यापेक्षा कमी नको. उंची दुप्पट केली तर हवेचा ओघ जेमतेम १.४ पट होतो, पट्टी दुप्पट केली तर तो जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा उंचीच्या नादी लागू नये, शिवाय गच्चीवर वाराही झेलायचा असतो. चारही बाजूंना भिंतीऐवजी जाळी, तीही उंदीर-खार अडवण्यापुरती. वळवाच्या पावसाचा मात्र नेम नाही, म्हणून पूर्वेच्या पट्टीवर गुंडाळता येणारा पडदा हवा. खांब कठड्याला कसावेत. स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंग फोडायचं नाही, हे फॅब्रिकेटरला आधीच बजावून सांगा. तो ड्रिल हातात घेऊनच येतो.

छपराला २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म पुरते. पोकळ थरांची पॉलिकार्बोनेट शीट उष्णता राखते, पण ती राखायचीच नाही तर तिचे पैसे कशाला? उंच इमारतीवर वाऱ्याने फिल्म फाटत असेल तरच शीटकडे वळावं. शेडनेट फिल्मच्या वर, फूटभर अंतर सोडून ताणावं. आतून बांधलेलं काळं नेट ऊन पिऊन स्वतःच तापतं आणि ती उष्णता आतच सोडतं. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा बाजूच्या आडोशाचा उपयोग नाही, वरचं ५० टक्के नेटच कामाला येतं. जूनमध्ये ते काढायचं, नाहीतर ढगाळ उजेडात झाडं फिकट होऊन शेंड्याशी निमुळती वाढतात. ऑक्टोबर हीटमध्ये मात्र काही आठवडे पुन्हा घालावं, कारण पावसात वाढलेली कोवळी साल पटकन करपते.

विक्रेते फॅन-अँड-पॅड यंत्रणा सुचवतात. ओल्या पॅडमधून हवा ओढायची म्हणजे आर्द्रता विकत घ्यायची, वर मोटरचं बिल. कॅक्टससाठी मला तो शुद्ध वेडेपणा वाटतो. त्यापेक्षा गच्चीला चुना मारावा. तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो आणि रात्र गरम राहिली की कॅक्टसचं कार्बन डायऑक्साइड साठवण्याचं काम मंदावतं. कुंड्या अडीच फूट उंच, जाळीच्या मांडवावर असल्या की खालूनही वारा लागतो. कोकणात रात्रीच दमट आणि उबदार, तिथे हे घर फक्त पाऊस अडवेल.

पावसाळ्यात धोका थेंबांचा. फिल्मच्या आतल्या बाजूला बाष्प जमतं, ते झाडाच्या माथ्यावर ठिबकलं की कूज. २५ अंशांच्या उतारावर थेंब घसरत कडेला जातात. वरच्या मापांत जवळजवळ तेवढा उतार आलेलाच आहे. झडीच्या दिवसांत ३० वॉटचा बीएलडीसी पंखा रात्रभर लावावा. रोज बारा तास चालला तरी महिन्याला अकरा युनिट. थेट सोलर पॅनेलवर चालणारा पंखा ऐकायला छान, पण तो नेमका ऊन नसताना बंद पडतो आणि आपल्याला तो तेव्हाच हवा असतो.

थंडीला खरोखर घाबरणारे म्हणजे मेलोकॅक्टस आणि डिस्कोकॅक्टस. निफाडसारख्या गार भागात एवढ्यांसाठी घर तापवू नये. डिसेंबर-जानेवारीत त्या चार कुंड्या आत दक्षिणेच्या खिडकीत आणाव्यात. स्वयंपाकघराची खिडकी मात्र टाळा, फोडणीचा तेलकट थर काट्यांवरून निघता निघत नाही.