डेंटल नर्सचा आभासी सराव

लाळ शोषणारी नळी सांभाळायची, जीभ-गाल बाजूला धरायचे आणि डॉक्टरांनी हात पुढे करताच हवे ते उपकरण द्यायचे, हे डेंटल नर्सचे काम. ब्रिटनमध्ये २००८ पासून तिला जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी सक्तीची आहे. शिकाऊ नर्स मात्र नोंदणीआधीच, देखरेखीखाली, खऱ्या रुग्णांजवळ उभी राहते. त्यापूर्वीचा सराव आभासी दवाखान्यात करता येतो.

सर्वाधिक लाभ निर्जंतुकीकरण शिकताना होतो. हेडसेट चढवून शिकाऊ नर्स वापरलेली उपकरणे धुते, भिंगाखाली तपासते, ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटे ठेवते. घाण बाजूचे उपकरण स्वच्छ बाजूला गेले, तर चूक तिथेच दाखवता येते. संसर्गाचा किंवा सुई टोचण्याचा धोका नाही. ऑगमेंटेड रिॲलिटीत समोरच्या खऱ्या ट्रेवरच उपकरणांची नावे उमटतात.

स्पर्शाचे काय? ‘सिमोडॉन्ट’सारखे यंत्र ड्रिलखालच्या दाताचा कठीणपणा हाताला जाणवून देते, पण ते दंतवैद्याच्या हातासाठी. वळवळणारी जीभ आवरण्याचा आणि घाबरलेल्या मुलाला धीर देण्याचा सराव मला तरी माणसांतच व्हायला हवा असे वाटते.