हातावर हात, बोटांत भाषा

बधिरांधत्व म्हणजे: दृष्टी आणि श्रवण या दोन्ही क्षमतांची एकत्रित हानी. ती पूर्ण असतेच असे नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेत समावेश.

संवादाच्या पद्धती
• स्पर्श-खूणभाषा: समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवून त्याच्या खुणा ओळखणे.
• लॉर्म: तळहातावर स्पर्शाने अक्षरे उमटवणे; १८८१पासून.
• ब्रेल: भाषा नव्हे, सहा ठिपक्यांची लिपी.

मुंबईतील वाटचाल
• १८८०चे दशक: कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिरांची शाळा.
• १९००: अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांची अंधशाळा. तीच आजची दादर पूर्वेची कमला मेहता अंधशाळा; मुलींसाठी.
• १९७७: बेरोझ वाच्छा यांची हेलन केलर संस्था; बधिरांध मुलांच्या शिक्षणातील देशातले आद्य केंद्र.

बधिरांध धर्मगुरू: फादर सिरिल ॲक्सेलरॉड. जन्म १९४२, दक्षिण आफ्रिकेतील ज्यू कुटुंबात. जन्मतः बधिर, १९७०मध्ये कॅथलिक धर्मगुरू. पुढे अशर सिंड्रोम या विकारामुळे दृष्टी गेली. त्यानंतरचा संवाद आणि धर्मसेवा स्पर्शाच्या भाषेतून.

बधिरांधांसाठीचा दिवस: २७ जून, बधिरांध लेखिका हेलन केलर यांचा जन्मदिवस.