आधी तारा, मग शनी

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर दुर्बीण लावून पहिल्यांदा शनी पाहिला तेव्हा त्याला कडी नव्हती, कान होते. 1610 साली गॅलिलिओला तो तीन गोळ्यांचा वाटला होता. त्याची दुर्बीण लहान, माझी बरी, तरी गत तीच! दिवसभर तापलेली जमीन उष्णता सोडत होती आणि शनी उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा हलत होता.

दुर्बीण चांगली असली, तरी जागाही चांगली लागते. पुण्यात 1880च्या दशकात कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी केली. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. 1912 मध्ये ती कोडाईकनालला गेली आणि पुढे लेहला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने 2006 साली गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटरची दुर्बीण बसवली, तीही शहरापासून दूर. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 30 अँटेना 25 किलोमीटरवर पसरल्यात. त्या पसाऱ्याशिवाय रेडिओ दीर्घिकांचे लोळ एकमेकांत मिसळून एकच ठिपका दिसला असता.

पण हवेच्या थरथरीने खरी पंचाईत होते ती दूरच्या दीर्घिकांचा आकार मोजताना. वाटेतल्या अदृश्य द्रव्याच्या गुरुत्वामुळे दूरच्या दीर्घिका जेमतेम एखाद्या टक्क्याने ताणल्या जातात. हवेने त्यांना गोल केलं, तर तो ताण पुसला जातो. वाऱ्याने दुर्बीण थरथरली, तर नसलेला ताण दिसू लागतो. म्हणजे एक खरं लपवतं, दुसरं खोटं घडवतं. मला दुसरं जास्त घातक वाटतं.

यावरचा तोडगा ताऱ्याकडेच आहे. तारा इतका दूर की तो बिंदूच दिसायला हवा. छायाचित्रात तो जितका आणि जसा पसरतो, तेवढी त्या रात्रीची धूसरता. ती मोजायची आणि शेजारच्या दीर्घिकेच्या चित्रातून हिशेबाने वजा करायची. कॅलटेक आणि आयुकाने पालोमारला उभारलेल्या रोबो-एओने तर पुढची मजल मारली: अतिनील लेझरने आकाशात कृत्रिम तारा उभा करायचा आणि सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आरशाचा आकार बदलून हवेची थरथर जागेवरच मोडायची.

आपल्याकडे लेझर नाही. तेव्हा आमच्याकडे नवेगावबांधला दुर्बीण नेणार असाल, तर तापलेल्या गच्चीवर लावू नका, अर्धा तास बाहेर ठेवून तिला गार होऊ द्या आणि शनीआधी एखादा तारा बघा. तोच फुगून नाचत असेल, तर त्या रात्री शनीच्या कानांवर विश्वास ठेवू नका.