साच्यातली पहिली तबकडी

जुन्या रॉक संगीताच्या संग्राहकाला ‘मूळ छपाई’ म्हणजे नेमके काय हवे असते, हे पेणमध्ये समजावणे सोपे जाते. गणपतीच्या कारखान्यात नव्या साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या मुकुटावरची नक्षी रेखीव असते. साचा झिजला की ती बोथट होते. रेकॉर्डचेही तेच. कोरलेल्या मूळ तबकडीवरून धातूचे साचे घेतात आणि शेवटच्या ठशाने व्हिनाइल दाबतात. ठसा झिजतो, मग दुसरा लावतात.

म्हणून जाणकार लेबल नंतर पाहतो. आधी पाहतो ते लेबलाभोवतीचे गुळगुळीत वर्तुळ. तिथे मॅट्रिक्स क्रमांक असतो. इंग्लंडच्या ईएमआयने तर ठशांचे आकडे आपल्या जुन्या नावातल्या अक्षरांत लपवले होते : ‘जी’ म्हणजे पहिला ठसा, ‘आर’ म्हणजे दुसरा. बीटल्सच्या रेकॉर्डवर एकटा ‘जी’ दिसला, की संग्राहक पाकिटाकडे हात नेतो.

कोलकात्याच्या दमदम कारखान्यातल्या भारतीय छपाईला या बाजारात सहसा दुय्यम स्थान. याला एक झकास अपवाद आहे. इंग्लंड-अमेरिकेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६०च्या सुमारास संपल्या. आपल्याकडे मात्र १९६३ नंतरही बीटल्सची गाणी त्याच जाड, ठिसूळ तबकड्यांवर निघत राहिली. कारण सरळ होते. वीज नसलेल्या घरांत चावीचा ग्रामोफोन चालू होता, आणि त्याला दुसरी तबकडी चालत नसे. आपले मागासलेपण आज जगभरच्या लिलावांत बोली लावून विकत घेतले जाते, याची मला गंमत वाटते.

पेण-रोह्याच्या जुन्या घरांत मी विचारपूस करतो ती याच आशेने. माळ्यावरून निघतात ती बहुधा नाट्यपदे आणि भावगीते; बीटल्स अजून एकदाही नाही. पण घर पाडताना सगळा गठ्ठा भंगारात जातो, वजनावर, आणि त्यात काय होते हे कोणी वाचलेलेच नसते.

कोकणच्या पावसाने बुरशी धरतेच. ती काढायला स्पिरिट मात्र वापरू नये. व्हिनाइल एक वेळ ते सोसते. ७८ची तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ओलसर मऊ फडके, खाचेच्या दिशेने फिरवलेले, पुरते. नंतर तबकडी उभी ठेवावी.