किंग स्ट्रीटवरील जुनी पेढी

पैसे ठेवावयाच्या घरास ग्रीक देवळाचे रूप कोणी कां द्यावे, असा प्रश्न मँचेस्टर शहरातील किंग स्ट्रीटवरची 'बँक ऑफ इंग्लंड'ची जुनी इमारत पाहणाऱ्याच्या मनात सहज उभा राहतो. भिंतीत अर्धवट रुतलेले उंच दगडी स्तंभ, आणि त्यांच्या माथ्यावर मंदिराच्या दर्शनी भागासारखा त्रिकोणी आकार, असे तिचे स्वरूप आहे.

याचे उत्तर इतिहासात आहे. त्या काळी इंग्लंडात सहांहून अधिक भागीदारांस पेढी काढण्याची कायद्याने मनाई होती. १८२५ च्या अखेरीस बाजारात घबराट उडाली व अशा कित्येक दुबळ्या पेढ्या बुडाल्या. पुढील वर्षी कायदा बदलला आणि बँक ऑफ इंग्लंडने लंडनबाहेर शाखा उघडल्या. मँचेस्टरची शाखा त्यांपैकीच होय. आज ठेवीदारास कायद्याचे काही संरक्षण असते. तेव्हा ते नव्हते. लोकांनी विश्वास ठेवावा तो कशावर? दगडावर! 'हे घर हलणारे नव्हे' हे इमारतीनेच सांगावयाचे होते.

हे काम चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल यांजकडे आले. सर जॉन सोन यांच्यामागून १८३३ साली ते बँकेचे स्थापत्यकार झाले होते. तरुणपणी त्यांनी ग्रीस देशात हिंडून प्राचीन मंदिरांची मोजमापे घेतली होती. ग्रीक स्तंभ दिसावयास सरळ, परंतु त्याच्या अंगास अगदी सूक्ष्म फुगवटा असतो, ही गोष्ट प्रत्यक्ष मापून दाखविणाऱ्यांत त्यांची गणना होते. अगदी सरळ काठाचा स्तंभ डोळ्यास मध्ये खंगलेला भासतो. तो दोष या फुगवट्याने झाकला जातो. किंग स्ट्रीटच्या इमारतीचे काम १८४५ च्या सुमारास हाती घेतले गेले. त्याच सुमारास कॉकरेल यांनी लिव्हरपूल व ब्रिस्टल येथील शाखाही बांधल्या. तिन्ही भावंडे म्हणावीत, इतके त्यांत साम्य आहे. स्तंभ डोरिक पद्धतीचे, म्हणजे नक्षीकाम थोडे आणि दणकटपणा फार. माझ्या मते पेढीस हेच शोभते.

मँचेस्टरचे वैभव कापसावर उभे होते, आणि त्यात आपल्याकडील शेतकऱ्याचाही वाटा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तिकडचा कापूस बंद पडला. तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा माल मुंबईमार्गे लँकेशायरला जाऊ लागला. तेथील गिरणीवाले या आखूड धाग्याच्या कापसास 'सुरती' म्हणून नाके मुरडीत, तरी घेत मात्र. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरला, आणि १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. पेढी तरते ती हिशेबावर. मँचेस्टरच्या स्तंभांकडे पाहताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

पुढे विसाव्या शतकात बँक तेथून हलली. मग या वास्तूचे करावे काय? जाड भिंती आणि उंच दालन ही पेढीस भूषणे, पण मेजांच्या रांगा मांडू पाहणाऱ्या कचेरीस ती अडचणच. पाडावी म्हटले, तर ती पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू. १९९० च्या दशकात तोड निघाली ती अशी की, जुनी इमारत पुढे तशीच राखून तिच्या पाठीशी कचेऱ्यांचा उंच मनोरा उभारावयाचा. काही रसिकांस हे रुचत नाही. मनोऱ्याने पुढील इमारतीस बुटके करून टाकले, असे ते म्हणतात. तक्रार खोटी नाही. तरीही जी वास्तू वापरात असते तिच्या छपराची गळती वेळेवर बुजते, हेही ध्यानात घ्यावे.

त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर, नवी दिल्लीमुळे आपल्या परिचयाचे झालेले ल्युटेन्स यांनी १९३५ च्या सुमारास पुरी केलेली मिडलंड बँकेची शुभ्र इमारत आहे. तिचे आता हॉटेल झाले आहे.